स्काप्तियसचं ऑलिव्ह

आधीच सांगून ठेवतो, यातल्या एका अक्षरावरही तुमचा विश्वास बसणार नाही. रोमच्या आर्गिलेटम भागातल्या या पुस्तकवाल्यांच्या आळीत माझी चाळीस वर्षं गेली. इथे खरं सांगितलेलं कुणाला ऐकायचं नसतं, आणि खोटं सांगितलं की तीस नकलनवीस एका ओळीत बसून ते उतरवून घेतात. तेव्हा न्हावीबुवा, वस्तरा जरा हळू चालवा. गोष्ट लांबलचक नाही, पण मध्येच कुणाचा कान कापला गेला तर तो दोष माझ्यावर यायचा.

ओप्सियस नावाचा एक इतिहासकार होता. उत्तरेकडच्या मुतिना गावचा. रोमचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट केस होते. पुस्तकाची नववी गुंडाळी संपली तेव्हा नुसत्या भुवया उरल्या होत्या. माणूस सच्चा. एखादी लढाई कुठल्या दिवशी झाली हे ठरवायला तो चार देवळांच्या तळघरांत उतरायचा, उंदरांनी कुरतडलेल्या याद्या वाचायचा, दोन मतं निघाली तर दोन्ही लिहायचा, तिसरं निघालं तर तेही. त्याच्या पुस्तकात सैन्य निघायचं खरं, पण ते शत्रूपाशी पोचेपर्यंत वाचणारा घोरायला लागलेला असायचा.

त्याची खरी मिजास होती ती कॉन्सलांवर, म्हणजे दर वर्षी निवडून येणाऱ्या रोमच्या दोन मुख्य कारभाऱ्यांवर. वर्ष ओळखायचं ते त्या वर्षीच्या दोघा कॉन्सलांच्या नावांनी, आणि नावं चुकली की वर्षच हुकलं. पहिल्या जोडीपासून आजच्या जोडीपर्यंत सगळी नावं ओप्सियसला मुखपाठ. लग्न कधी झालं असं कुणी विचारलं की तो पटकन दोन कॉन्सल सांगून मोकळा व्हायचा. त्याची बायको फादिया आतून म्हणायची, "बरं झालं, बायकोचं नाव नाही विचारलं. तिथे अडले असते."

त्याच मुतिना गावातून, त्याच गुरुजींच्या छडीखालून आलेला दुसरा एक जण होता, वेत्तियस. तोही रोमचाच इतिहास लिहायचा. देवळाच्या तळघरात तो आयुष्यात एकदाच उतरला होता, तेही पावसापासून आडोसा म्हणून. तारखा त्याला जड जायच्या, वर्षं तो सरळ गाळायचा. पण लिहायला बसला की मेलेली माणसं उठून बोलायला लागायची. त्याच्या एका वाचनाला बत्तीस लढाया मारलेला सुभेदार इतका रडला की त्याला चौघांनी उचलून घरी नेलं. सिसिलीतल्या एका विधवेने तर मृत्युपत्रात त्याच्या नावाने द्राक्षाचा मळा ठेवला, कारण म्हणे त्याने कार्थेजच्या एका म्हाताऱ्या आईचं दुःख असं लिहिलं होतं की हिला स्वतःचं विसरायला झालं.

ओप्सियसला हे सगळं दुखायचं. आणि दुखायचं म्हणजे खरोखर दुखायचं: वेत्तियसचं कौतुक कानावर आलं की त्याच्या डावीकडच्या दाढेतून कळ निघायची. त्याने दाढ उपटून घेतली. मळ्याची बातमी आली तेव्हा शेजारच्या दाढेतून कळ निघाली. तीही उपटली. आता कळ रिकाम्या हिरडीतून निघायची, आणि हिरडी काही उपटता येत नाही.

एके सकाळी फादिया बाजारातून बांगडे घेऊन आली आणि पुडकं त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, "घ्या. तुमचं पुस्तक घराघरांत पोचलं एकदाचं."

ओप्सियसने पाहिलं. बांगड्यांभोवती त्याचीच पाचवी गुंडाळी होती. पुस्तकवाल्याने न खपलेली प्रत कोळणीला विकली होती. कॉन्सलांच्या यादीवर एक बांगडा डोळे वटारून पडला होता. वाचतोय असंच वाटत होतं.

"तिच्याकडे आणखी आहे हे?" ओप्सियसने विचारलं.

"ढीग आहे. ती म्हणत होती, वेत्तियसचा कागद बांधायला मिळतच नाही, लोक चिंध्या होईपर्यंत वाचतात. तुमचा कसा कोरा करकरीत. मासे छान राहतात."

त्याने बांगडा खाल्ला नाही. त्या दिवशी हिरडी अशी ठणकली की पाणीसुद्धा घशाखाली उतरेना.

त्याच आठवड्यात स्काप्तिया बाई त्याच्या दारात आल्या. यांच्या घरी माशांच्या खाऱ्या रसाचा धंदा. रोममध्ये ज्या घरी जेवण होतं त्या घरी यांची बरणी असतेच. बाईंचे वडील गेले होते, आणि बाईंपुढे एक अडचण होती.

"वडिलांच्या प्रेतयात्रेपुढे चालायला आमच्याकडे एकही पूर्वज नाही हो," त्या म्हणाल्या. "परवा शेजाऱ्यांकडचं माणूस गेलं, तर अठरा मुखवटे निघाले कपाटातून. अठरा माणसं भाड्याने आणली, प्रत्येकाच्या तोंडावर एकेक मेणाचा पणजोबा. आणि चौकात उभं राहून सगळ्यांचे पराक्रम सांगितले, सगळ्यात जुन्यापासून. आमच्या वडिलांपुढे काय बरण्या चालवायच्या?"

आता खरं तर ओप्सियसने त्यांना हात जोडून वाटेला लावायचं. प्रेतयात्रेतली भाषणं म्हणजे थापांचं कोठार हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. कधी न झालेल्या लढाया, कधी न मिळालेले मान, दुसऱ्याच घरातून उचललेले आजोबा. नऊ गुंडाळ्यांत त्याने असले एकतीस वीर वेचून बाहेर फेकले होते. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलंसुद्धा. आणि उघडं तसंच राहिलं, कारण त्याला आठवलं की वेत्तियस आपला सगळा माल याच कोठारातून उचलतो. कुठलंही घर असो, मयताचं भाषण ऐकायला हा पहिल्या रांगेत, हातात मेणाची पाटी घेऊन.

हिरडीची कळ थांबली. इतके महिने ठणकत होती, ती एकदम थांबली.

"तुमचे पूर्वज कसे होते?" त्याने विचारलं.

"सगळे भले होते."

"भल्यांचा उपयोग नाही. एखादा उपाशी चालेल?"

"मोठा असेल तर चालेल," बाई म्हणाल्या.

ओप्सियसने त्या दिवशी दार लावून घेतलं आणि लुसियस स्काप्तियस घडवला. शेजारच्या वोल्स्की लोकांनी रोमला वेढा घातला आहे. शहरात दाणा उरलेला नाही. लोक ढालींचं कातडं उकळून खातायत. शत्रू म्हणतो, बोलणी करायला माणूस पाठवा. त्याला बोलणी नकोतच. समोर भोजन मांडायचं आणि रोमन त्यावर तुटून पडतो का ते बघायचं, एवढंच. स्काप्तियस जातो. सात दिवसांचा उपाशी. समोर भाजलेलं डुक्कर, पाव, मध, चीज. तो बसतो, गावाकडच्या पाहुण्यांची विचारपूस करावी तशी विचारपूस करतो, थाळीतून एकच ऑलिव्ह उचलतो, तोंडात टाकतो, आणि उठताना म्हणतो, "तुमच्याकडे मिठाची टंचाई दिसते. हवं तर पाठवून देऊ." आणि चालू लागतो. शत्रू चाट पडतो. ज्यांचं पोट असं भरलेलं आहे त्यांना उपाशी कसं मारणार? वेढा उठतो. स्काप्तियस वेशीच्या आत येतो, आणि आता त्याचे गुडघे जातात. त्याची चार वर्षांची मुलगी धावत येते. तो तिच्या तळहातावर ते ऑलिव्ह ठेवतो. अख्खं. तेवढा वेळ गालात धरून ठेवलेलं. आणि मरतो.

यात सापळा होता पहिल्याच ओळीत. "स्काप्तियस कॉन्सल होता त्या वर्षी," असं म्हणून त्याने वर्ष असं निवडलं होतं की त्या काळात सरदार आणि सामान्य लोक यांची भांडणं विकोपाला जाऊन लागोपाठ पाच वर्षं कॉन्सल झालेच नव्हते. वेत्तियस हे उचलणार, भरल्या सभेत वाचणार, आणि मग दुसऱ्या रांगेतून ओप्सियस उठून अगदी नम्रपणे विचारणार: त्या वर्षी दुसरा कॉन्सल कोण होता हो? बस्स. एवढ्या एका प्रश्नावर वेत्तियसच्या सगळ्या गुंडाळ्या कोळणीकडे.

लिहून झाल्यावर त्याने फादियाला वाचून दाखवलं. 

"कुणाचं आहे हे?" तिने विचारलं.

"माझं."

"थट्टा करू नका," फादिया म्हणाली. "खरं सांगा."

प्रेतयात्रा झोकात निघाली. मुखवटेवाल्याने मेणाचा चेहरा जरा भुकेलेला करून दिला होता, आणि तो घालून चालणाऱ्या नटाने कुणी न सांगता पोट आत ओढून धरलं. चौकात भाषण झालं. ऑलिव्ह तळहातावर आलं तेव्हा भाजीवाल्यांनी ओरडणं बंद केलं. वेत्तियस पहिल्या रांगेत होता आणि त्याची पाटी भरून गेली होती. नंतर त्याने स्काप्तिया बाईंकडून भाषणाची नक्कलही मागून नेली.

चार महिन्यांनी वेत्तियसने वाचन ठेवलं. सगळं शहर लोटलं. पुढे सरदार मंडळी, मागे जेवणाच्या बोलीवर टाळ्या वाजवणारे नेहमीचे पंधरा-वीस गडी. ओप्सियस दुसऱ्या रांगेत, स्वच्छ धुतलेला टोगा नेसून, चेहऱ्यावर लग्नघरच्या पाहुण्याचं हसू.

वेत्तियसने वाचायला सुरुवात केली. "एका उपासमारीच्या वर्षी लुसियस स्काप्तियस नावाचा एक साधा नागरिक होता."

ओप्सियसचं हसू सुकलं. उपासमारीच्या वर्षी? कॉन्सल कुठे गेला? गाढवाने वर्ष गाळलं होतं. नेहमी गाळतो तसंच. आणि कॉन्सलाला साधा नागरिक करून टाकलं होतं, म्हणजे तो आणखीच आवडणार. पण त्याच्या पुढची वाक्यं शब्दन् शब्द ओप्सियसची होती. ती वेत्तियसच्या आवाजात एकामागून एक येत गेली, आणि सभागृह असं गप्प झालं की टाळ्यावाले टाळ्या विसरले. मिठाच्या टंचाईवर एक हसण्याची लाट उठली आणि वेशीपाशी येता येता विरली. पुढच्या रांगेतला एक म्हातारा सरदार स्वतःच्या रिकाम्या तळहाताकडे बघत बसला होता.

आपल्याच वाक्याचा हेवा वाटलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. ओप्सियसला वाटला. चाळीस वर्षं ज्या शांततेसाठी तो झुरला होता ती आज त्याच्याच शब्दांना मिळत होती, आणि लोकांचे डोळे मात्र वेत्तियसवर.

तो उठला. "त्या वर्षी कॉन्सल कोण होते?"

"काका, खाली बसा," मागून कुणीतरी म्हणालं. "उपाशी माणसाला साल विचारत नाहीत."

"असा माणूस झालाच नाही," ओप्सियस म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "हे मी लिहिलंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी रचलंय."

तेव्हा स्काप्तिया बाई उठल्या. चार महिन्यांत त्यांची मान चांगलीच ताठ झाली होती.

"लिहिलंत ना तुम्ही. मी कुठे नाही म्हणते? अक्षर तुमचंच. पण पूर्वज आमचा. चांभाराने जोडा शिवला म्हणून पाय त्याचा होतो का?"

सभागृह हसलं. टाळ्यावाल्यांना आता टाळ्या आठवल्या. "जळतोय बिचारा," असं एक बाई दुसरीला सांगत होती, आणि ते तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. ओप्सियस टोगा सावरत बाहेर पडला. घरी जाईपर्यंत अर्धा गाल सुजून भोपळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी वेत्तियस त्याच्याकडे आला. बरोबर मुतिनाहून आलेला डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा होता. फादियाने तो घेतला, पाहुण्याला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः दाराआड उभी राहिली.

"ते ऑलिव्ह कुठून सुचलं रे तुला?" वेत्तियसने विचारलं.

"कसलं ऑलिव्ह?"

"पुरे. दुसऱ्या वाक्यात ओळखलं मी. गोष्टीचं दुसरंच वाक्य 'तथापि'ने सुरू करणारा माणूस साऱ्या इटलीत एकच आहे. गुरुजींनी त्यापायी तुला केवढं झोडलं होतं."

 ओप्सियस म्हणाला, "कॉन्सल का गाळलास?"

"तुझ्या पाचव्या गुंडाळीत पाहिलं. त्या पाच वर्षांत कॉन्सल झालेच नाहीत असं तूच लिहून ठेवलंयस. म्हटलं, याने सापळा चांगला लावलाय, पण गोष्ट त्याहून चांगली आहे."

"माझी पाचवी गुंडाळी? तुझ्याकडे?"

"नऊच्या नऊ आहेत. दोन कोळणीकडून सोडवून आणाव्या लागल्या. अजून वास येतो."

"तू वाचतोस?"

"मी वाचत नाही तर काय. खरं काय झालं होतं ते कळल्याशिवाय मी काय गाळू?"

ओप्सियसला हे कौतुक आहे की शिवी हे कळेना. "खोटं आहे हे माहीत असूनही वाचलंस," तो म्हणाला.

"माझ्या अडतीस गुंडाळ्यांत खरं किती ते तू मला रोज सांगतोस. पण अरे, असलं खोटं मला अडतीस गुंडाळ्यांत एकदाही सुचलं नाही. भाषण ऐकून घरी गेलो आणि दोन दिवस जेवलो नाही. पोटात नुसती आग. ऑलिव्ह गालात धरून ठेवलं, हे मला का नाही सुचलं?"

दाराआडून फादियाला दिसलं की नवऱ्याच्या गालाची सूज उतरतेय. उन्हात लोणी उतरावं तशी, बघता बघता.

वेत्तियस पुढे सरकला. "ऐक. पुढच्या नकला निघायच्या आहेत. एक ओळ घालतो: हे ओप्सियसने सांगितलं. माझी पुस्तकं राहतील असं लोक म्हणतात. मग तुझं नावही राहील."

 आपल्या नऊ गुंडाळ्यांचं काय होणार हे ओप्सियसला ठाऊक होतं. बांगड्याने ते डोळे वटारून सांगितलं होतं. नाव राहायचं असेल तर ते इथेच राहणार होतं. पण एका थापेखाली, ज्याने एकतीस थापा वेचून फेकल्या त्याचं. आणि वेत्तियसच्या पुस्तकात, एका कोपऱ्यात. थापेचं त्याला तितकं वाटलं नाही. कोपऱ्याचं वाटलं.

"तुझ्या घरच्या ओसरीत मी झोपायला येणार नाही," तो म्हणाला. "शपथ घे, माझं नाव घालणार नाहीस."

"विचार कर."

"केला."

"गुरुजींच्या छडीची शपथ," वेत्तियस म्हणाला, आणि मान खाली घालून निघून गेला. तो गल्लीच्या कोपऱ्यावर पोचला नसेल तोच हिरडीतून पहिली कळ आली.

यानंतर अकरा वर्षं वेत्तियसच्या पुस्तकाच्या नकला निघत राहिल्या. आणि प्रत्येक नवी नक्कल दुकानात आली की ओप्सियस तिथे हजर. गुंडाळी भराभर उलगडायची, उपासमारीच्या वर्षापाशी थांबायचं, बोट फिरवत स्काप्तियसच्या मरणापर्यंत जायचं, आणि पुन्हा एकदा मागे येऊन बघायचं.

"काका, घ्यायचं आहे की नुसतं उलगडायचं?" दुकानदार विचारायचा.

"चुका तपासतोय."

नाव नसायचं. घरी येऊन तो फादियासमोर आग पाखडायचा. "दगलबाज माणूस. जन्मात कधी शब्दाला जागला नाही, वर्षाला जागला नाही, आकड्याला जागला नाही. नेमका इथे जागायचं सुचलं."

"मग जाऊन सांगा ना त्याला, की घाल म्हणून."

"मी सांगू? त्याला कळायला नको?"

"तुम्हीच शपथ घातलीत."

"ओळखीच्या माणसाने घातलेली शपथ कधी मोडायची एवढं कळू नये?"

वेत्तियसला कळलं नाही, किंवा कळूनही त्याने मोडली नाही. मग तो वारला. आता ती ओळ घालणारं कुणी उरलं नाही. ओप्सियस त्याच्या प्रेतयात्रेला गेला, चौकातलं भाषण उभ्याने ऐकलं, आणि तिथून तडक दुकानात जाऊन त्या आठवड्यात आलेली नक्कल उलगडून बघितली. न जाणो, मरताना सांगितलं असेल.

आणि स्काप्तियस तर फोफावतच गेला. शाळाशाळांतून पंतोजी मुलांकडून त्याचं भाषण घोकून घेऊ लागले. जेवणाच्या शेवटी थाळीत एक ऑलिव्ह ठेवून उठायची पद्धत पडली ती त्याच्यापासूनच. ऱ्हाईनच्या काठी एका छावणीत आचाऱ्याने मीठ कमी घातलं तर अख्ख्या पलटणीने ते देशभक्ती समजून निमूटपणे गिळलं. ओप्सियसच्या उरलेल्या गुंडाळ्या एकेक करून बाजारात गेल्या. शेवटची फादियानेच आणली, माशांसकट, आणि त्याला न दाखवता चुलीत घातली. तो गेला तेव्हा त्याच्या तोंडात एकही दाढ नव्हती, आणि हात मात्र गुंडाळी उलगडावी तसे चादरीवर हलत होते.

तेव्हा मंडळी, असा कुणी स्काप्तियस कधी झाला नाही. तो वेढाही कधी पडला नाही, आणि ते ऑलिव्ह तर ओप्सियसच्या चिडक्या डोक्याबाहेर कधी कुठल्याच झाडाला लागलं नाही. वाटेल त्या देवाची शपथ घेऊन सांगतो.

"साफ खोटं बोलताय, आजोबा," बाकावर आपल्या पाळीची वाट बघत बसलेला एक जाडजूड गृहस्थ उठून उभा राहिला. "मी स्काप्तियस. त्या स्काप्तिया बाई माझ्या आजोबांच्या सख्ख्या बहीण. आणि त्या ऑलिव्हची बी आमच्या घरी चांदीच्या डबीत जपून ठेवलेली आहे, पोरीच्या दातांच्या खुणांसकट. चला, आत्ता दाखवतो."